दारूत उतरलेलं पन्हं

मी आयुष्य उभ्यानं काढलं, अगदी शब्दशः. पुण्याच्या कॅम्पातल्या एका हॉटेलात बारच्या फळीमागं मी उभा असायचो आणि फळीपुढं लोक बसलेले असायचे. निवृत्त झाल्यावर घरात निवांत बसायची सवय लागेना. बायको म्हणायची, "अहो, टेका की जरा. इथं कुणी गिऱ्हाईक आलेलं नाही." संपादकांनी दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा म्हटलं, तेव्हा मी त्यांना आधीच बजावलं की फराळाच्या ताटाशेजारी दारूच्या गोष्टी बऱ्या दिसायच्या नाहीत. ते म्हणाले, लिहा तर खरं. तेव्हा ज्यांना चालत नसेल त्यांनी सरळ पुढं पाककृतींच्या पानावर जावं. तशी माझीही ही पाककृतीच आहे, जरा लांबलेली.

लोकांना वाटतं, बारवाल्याचं काम म्हणजे बाटली तिरकी करणं. तेवढं तर नळही करतो. खरं काम आंबट, गोड, कडू आणि पाणी यांचं एकमेकांशी जमवून देण्याचं असतं. बर्फ किती विरघळू द्यायचा हे हातानं कळावं लागतं, कारण बर्फाचं पाणी हाही त्या पेयातला एक जिन्नस असतो. दारूंमध्येही स्वभाव असतात. रम बडबडी, व्हिस्की मानपानवाली. व्होडका मात्र अबोल. तिला स्वतःचा रंग नाही, वास जवळपास नाही, चव असून नसल्यासारखी. त्यामुळं ज्यात घालाल त्याची चव ती पुढं करते आणि आपण मागं राहते. म्हणूनच ती फार अवघडही आहे. तुमचं मूळ पेय फसलेलं असेल तर ती ते झाकत नाही.

आमच्या हॉटेलचे मॅनेजर डिसोझासाहेब गोव्याचे होते, पण वीस-पंचवीस वर्षं पुण्यात काढून मराठी आमच्याहून शुद्ध बोलायचे. उन्हाळ्यात काळा कोट आणि टाय घालून फिरणारा मी पाहिलेला तो एकमेव सुखी माणूस. त्यांचं नाक विलक्षण होतं. लिंबू सकाळी चिरलंय की दुपारी, हे ते ग्लास नाकाजवळ नेऊन सांगायचे, आणि सकाळचं असलं तर ग्लास मोरीत. परमिट रूमचा जमाना सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती. एके दिवशी ते मला म्हणाले, "शंकर, सगळ्या हॉटेलांत तेच ते मिळतं. आपल्याकडं असं काहीतरी पाहिजे की जे फक्त इथलं असेल. तू लहानपणी काय प्यायचास?"

"विहिरीचं पाणी," मी म्हणालो.

"आणि पाहुणे आले की?"

उत्तर एकदम जिभेवर आलं होतं, पण ते बाहेर काढावं की नाही हे मला कळत नव्हतं. मग म्हणालो, "पन्हं. पण साधं नाही. चुलवणात भाजलेल्या कैरीचं, काकवीतलं."

"मग ते कर," डिसोझासाहेब म्हणाले आणि गेले. साहेब लोकांचं हे बरं असतं.

मी कामाला लागलो. आधी हॉटेलच्या स्वयंपाकघरात कैऱ्या उकडल्या. ते लग्नातलं पन्हं झालं, सभ्य आणि बेचव. मग शेगडीच्या निखाऱ्यावर भाजल्या. साल जळून कोळसा, आत कैरी कच्ची, रस सगळा फुटून शेगडीत गेला आणि आचारी माझ्यावर उखडला. काकवी पणदऱ्याहून एका ओळखीच्या ड्रायव्हरकडून मागवली होती. ती अशी दाट निघाली की ग्लासात दुसऱ्या कुणाला तोंड उघडू देईना. तरी एका खेपेला जरा जवळपास आलं असं वाटलं, म्हणून गर, काकवी आणि पाणी एकत्र करून बाटलीत भरलं, बूच घट्ट लावलं आणि बारमागच्या कोठीतल्या फळीवर ठेवून मी सुट्टीवर गेलो. दिवस वैशाखातले. परत आलो, कोठीचं कुलूप काढतोय तोच आतून फट्ट असा आवाज झाला. बूच उडून समोरच्या ग्लासांच्या रांगेवर आपटलं होतं आणि बाटलीतून फेस वर येऊन फळीवरून खाली गळत होता.

पण मी ग्लास बघायच्या आधी तो वास नाकात गेला. आंबूस, गोड, डोक्यात चढणारा. मी किल्ल्या हातात घेऊन तसाच उभा राहिलो. हा वास मला माहीत होता. या वासापायी माझ्या वडिलांना बैलगाडीत घालून तालुक्याला नेलं होतं.

माझे वडील गुळव्याचं काम करायचे. सगळी माणसं त्यांना तात्या म्हणायची, आम्हीही तात्याच म्हणायचो. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळावर पाक ओळखणारा माणूस. मी सांगतोय ते पन्नास सालानंतरच्या दिवसांतलं. बारामती-इंदापूर भागात साखर कारखान्यांची धुराडी दिसायला लागली होती, पण आमच्या लासुर्ण्याच्या आसपास अजून गुऱ्हाळं लागायची. बैल चरक फिरवायचे, रस मोठ्या काईलीत पडायचा, काईलीखालच्या चुलवणात जळव्या वाळली चिपाडं सारत राहायचा. रसावरची मळी काढायची, रस आटवायचा आणि नेमक्या क्षणाला काईल उतरवायची. क्षण चुकला तर एकतर गूळ बसत नाही, नाहीतर काळा पडतो. तो क्षण सांगणं हे तात्यांचं काम. गार पाण्याच्या वाडग्यात पाकाचा थेंब सोडायचे, बोटांत धरून गोळी वळायचे आणि म्हणायचे, "उतरा." ते उतरा म्हणेपर्यंत शेताचा मालकसुद्धा काईलीला हात लावायचा नाही. मोठेपणी बारच्या फळीमागं उभं राहून मी पहिल्यांदा नेमकं ओतायला शिकलो, तेव्हा मला तो वाडगा आठवला होता.

गुऱ्हाळावर आलेल्याला रिकामं जाऊ द्यायचं नाही ही त्या भागातली रीत. मेंढरामागचा धनगर येवो, शाळेचे मास्तर येवोत, कुणी नुसतं वाटेनं जाणारं येवो, त्याला रस मिळायचा, गरम गूळ मिळायचा. हंगाम संपत आला की चैत्रात माळावरच्या रायवळ आंब्याला कैऱ्या धरलेल्या असायच्या. शेवटच्या दिवशी शेवटची काईल उतरली की तात्या आम्हा पोरांना कैऱ्या आणायला पिटाळायचे. चुलवणाच्या राखेत त्या कैऱ्या पुरायच्या. थोडी काकवी त्यांनी आधीच बाजूला काढून ठेवलेली असायची. मग मोठ्या मातीच्या घागरीत पन्हं व्हायचं आणि हंगामभर राबलेली सगळी माणसं, बैलवाले, जळवे, ऊस तोडणारे, ओळीनं बसून प्यायची. वर्षभरात तात्यांच्या हातचं आम्ही एवढंच काय ते प्यायचो. धुराची चव, मग आंबट, मग मागून काकवीची गोडी. ते पिऊन झाल्यावर मिशी नसलेली पोरंसुद्धा ओठावरून हात फिरवायची. मला आज जगातली कुठलीही दारू आणून द्या, त्या पहिल्या घोटापुढं ती पाणी आहे.

त्यातही एक रीत होती, निदान आमच्या गुऱ्हाळावर तरी. ती घागर पुरती रिकामी करायची नाही. तळाला थोडं पन्हं ठेवून, तोंडाला फडकं बांधून ती आंब्याखाली ठेवायची. गुऱ्हाळ मोडून चरक गाडीवर चढेपर्यंत ती तिथंच राहायची, आणि जाताना ते पन्हं चरकाच्या जागी ओतायचं. म्हणजे पुढच्या साली चरक त्याच जागी परत येतो. उन्हाळ्याच्या दिवसांत चार-पाच दिवस ठेवलेलं काकवीचं पन्हं काय होत असेल, याचा कुणी विचार केला नव्हता. ते प्यायचं नव्हतंच ना.

त्या काळात दारूबंदी होती. नदीकाठच्या बाभळींत गुळाच्या हातभट्ट्या लागायच्या आणि पोलीस गुऱ्हाळांवर डोळा ठेवून असायचे, कारण खराब गूळ भट्टीवर जातो हे त्यांना माहीत होतं. आमच्या गुऱ्हाळावरून तसा खडाही कधी गेला नाही. भट्टीवाले यायचे, तात्या त्यांना रस पाजायचे आणि वाटेला लावायचे. त्या साली चरक अजून हलायचा होता, आणि भर दुपारी दोन शिपाई घेऊन एक जमादार आला. वारा आंब्याकडून येत होता. जमादारानं नाक वर केलं, सरळ घागरीपाशी गेला आणि फडकं सोडलं. आत फेस होता.

"दारू हाय," जमादार म्हणाला.

"पन्हं हाय, सायेब," तात्या म्हणाले.

"पन्ह्याला फेस येतो व्हय रं?"

"कैरीचं हाय. चार दिस झालं, आंबलं आसंल. पन दारू न्हाय. दारू आसती तर मी हितं उघड्यावर ठिवली आसती का?"

जमादार ऐकेना. तेव्हा तात्यांनी ती गोष्ट केली, जी एक सरळमार्गी माणूसच करू शकतो. शेजारचा तांब्या उचलला, घागरीत बुडवला आणि सगळ्यांच्या देखत घटाघटा पिऊन टाकला. "घ्या," म्हणाले, "दारू आसती तर मी प्यालो आसतो का? मी सुपारीचं खांड खात न्हाय."

जमादार हसला. पुढं होऊन त्यानं तात्यांच्या तोंडाचा वास घेतला आणि शिपायाला म्हणाला, "लिहून घ्या. तोंडाला वास येतोय."

बैलगाडी जुंपली. घागर हा मुद्देमाल, ती फुटायला नको, म्हणून तात्यांच्याच मांडीवर दिली. गावातून गाडी गेली तेव्हा तात्या मांडीवर घागर धरून मान खाली घालून बसले होते आणि खड्ड्यात चाक गेलं की घागरीतून फेस उसळून त्यांच्या धोतरावर पडत होता. मी गाडीमागं पळत होतो. आई कट्ट्यावर उभी होती. ती रडली नाही, एवढंच म्हणाली, "घागर सोडा खाली. मांडी अवघडंल." तात्यांनी सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी पाटलांनी जाऊन शब्द टाकला आणि तात्यांना सोडलं. वरचा अधिकारी म्हणाला म्हणे, "गरीब माणूस दिसतोय, या खेपेला सोडा. पुन्हा पिऊ नकोस रे." तात्या घरी आले, पाय धुतले आणि आईला म्हणाले, "सोडलं. पन पन्हं हाय आसं कुनी म्हनलं न्हाय."

त्यानंतरही दोन-तीन हंगाम गुऱ्हाळ लागलं, पण चुलवणात कैरी पडली नाही. गावाला मात्र चेष्टेला विषय मिळाला. तात्या पारावरून निघाले की कुणीतरी हमखास विचारायचं, "काय घागरवाले, हाय का कायतरी?" विचारणाऱ्यांच्या मनात वाकडं नसायचं, गावाला चेष्टेवाचून जेवण जात नाही एवढंच. तात्याही कधी उलटून बोलले नाहीत. फक्त पारावरून जाणं सोडून मळ्यातल्या वाटेनं जायला लागले. पुढं सगळा ऊस कारखान्याला जायला लागला, चरक गंजला आणि गुळव्या हा धंदाच बसला. मी पुण्याला आलो, हॉटेलात कपबशा विसळायला लागलो आणि विसळता विसळता बारमागं पोचलो. तात्यांना मी ते पहिल्याच सुट्टीत सांगितलं. त्यांनी विचारलं, "तू इकतोस. पीत न्हाईस ना?" मी नाही म्हटलं. "मग ऱ्हाऊ दे," म्हणाले. तो विषय तिथंच मिटला आणि ते मी काम करतो तिथं पुढं कितीतरी वर्षं आले नाहीत.

आणि आता मला त्यांच्याकडूनच ते पन्हं शिकायचं होतं. त्यात दारू घालायला. ज्या आळापायी त्यांना गाडीत बसवलं, तो आळ मी राजरोस खरा करणार होतो. डिसोझासाहेबांना नाही जमत म्हणून सांगावं असं फार वाटलं. पण ती चव तात्यांच्या हाताबरोबर जाईल, याची भीती त्याहून मोठी निघाली. मी एस.टी.नं बारामती गाठली, तिथून लासुर्णे.

तात्या अंगणात दोरी वळत बसले होते. चहा झाला, पाऊसपाण्याचं झालं. मग मी एका दमात सांगून टाकलं. त्यांचे हात थांबले.

"त्यात काय घालनार?"

"व्होडका."

"मंजी दारूच ना?"

"व्हय."

त्यांनी दोरी बाजूला ठेवली. मला वाटलं, आता उठून मळ्याकडं जातील. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि माझ्या लक्षात आलं, म्हातारा हसतोय. "तवा न्हवती तर हाय म्हनले," ते म्हणाले. "आता हाय, तर ती लोकं पैसं दिऊन पित्यात. जा, कैऱ्या आन. देठासकट तोड."

मग ते उठले. चिपाडं कुठली मिळायला, त्यांनी परसात खड्डा करून उसाचं वाळकं पाचट पेटवलं. मी कैऱ्या जाळात टाकायला गेलो तर हात धरला. "जाळात न्हाय. जाळ इझू दे. राखंत पूर आन् राखंतच निवू दे." देठ का, तर देठ असला की रस बाहेर पडत नाही. कैरी वाफेत आतल्या आत शिजते आणि धूर सालीतून हळूहळू आत जातो. आणि काकवी पाण्यात कालवायची नाही. गर कोमट असतानाच त्यात फेटायची, पाणी सगळ्यात शेवटी. मी बरोबर नेलेल्या पणदऱ्याच्या काकवीचं बोट चाटून म्हणाले, "ही पाकात लई पुढं गेलीया. आदी काढलेली माग. पातळ आसती, पन हुशार आसती. आज घरातली घे." मीठ, भाजलेलं जिरं, संपलं. एवढंच होतं ते. इतक्या वर्षांनी त्यांनी ते केलं, तांब्या माझ्यापुढं धरला, आणि मी प्यायलो. तीच चव. स्वतः मात्र त्यांनी घोटभरही घेतलं नाही.

"तुमी?"

"न्हाय." मग खाली बसत, "त्याला नाव काय ठिवनार हाईस?"

"तुमी सांगा."

दोरीचा पेड परत हातात घेत ते म्हणाले, "घागर म्हन."

मी हातातला तांब्या खाली ठेवला. "गाव म्हनतंच की," ते म्हणाले. "पुन्यानं बी म्हनावं."

तर अशी घागर आमच्या बारमध्ये आली. करायची रीत, ज्यांना हवी त्यांच्यासाठी: भाजल्या कैरीचा गर, त्यात फेटलेली पातळ काकवी, मीठ, जिरं, दोन बोटं व्होडका, भरपूर बर्फ, आणि हलवायचं ते हाताला गारवा झोंबेपर्यंतच. त्याहून जास्त हलवलं की धूर मरतो. दिसायला पावसाळ्यातल्या ओढ्यासारखी. एका वकिलांनी पहिल्या दिवशी ग्लास उजेडात धरून विचारलं होतं, "यात तळाला काय आहे, बेडूक?" तेच वकील पुढं दर शनिवारी घागरच मागायचे. एक लष्करातले सरदारजी ती पिऊन डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, गावाकडची चूल दिसते. त्यांचं गाव फाळणीत पलीकडं गेलेलं. आणि एक गृहस्थ पथ्य म्हणून व्होडकाविना मागवायचे आणि निघताना पाय उगीचच लटपटवायचे. असली गिऱ्हाइकं होती म्हणून उभ्यानं जन्म निघाला.

पुढं तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि मी त्यांना पुण्याला आणलं. डोळ्यांची पट्टी निघाली, तपासणी झाली, आणि दवाखान्यातून परत येताना तेच म्हणाले, "तुजी जागा दाव की." दुपारची वेळ होती, बार अजून उघडायचा होता. मी त्यांना आत नेलं. नवा चष्मा लावून त्यांनी फळी बघितली, ओळीनं मांडलेल्या बाटल्या बघितल्या, गिऱ्हाइकाच्या उंच खुर्चीवर बसायचं नाकारलं आणि फळीला टेकून उभे राहिले. मी काही न विचारता गर काढला, काकवी फेटली, बर्फ घातला. व्होडकाच्या बाटलीला हात लावला नाही आणि तो लावला नाही हे त्यांना दिसेल अशा बेतानं सगळं केलं. ग्लास त्यांच्यापुढं ठेवला.

त्यांनी तो उचलला, पण तोंडाला लावला नाही. नुसते बघत राहिले. तेवढ्यात डिसोझासाहेब आत आले, काळा कोट, टाय, चकचकीत बूट. मी म्हणालो, "साहेब, हे माझे वडील, तात्या." साहेबांनी वाकून नमस्कार केला. त्या गुऱ्हाळाचं, जमादाराचं, गाडीचं त्यांना मी कधीही सांगितलेलं नव्हतं.

तात्यांनी दोन्ही हातांनी ग्लास त्यांच्यापुढं धरला.

"सायेब," ते म्हणाले, "जरा वास घिऊन बगता का?"

साहेबांना यात काहीच वावगं वाटलं नाही, वास घेणं हे त्यांचं रोजचं काम होतं. त्यांनी ग्लास घेतला, नाकाजवळ नेला, डोळे मिटले. तात्या त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. फळीची कड त्यांनी एका हातानं धरली होती. तो हात धरावासा वाटला, पण मी धरला नाही.

साहेबांनी ग्लास परत दिला. "हे पन्हं आहे, तात्या," ते म्हणाले. "नुसतं पन्हं आहे. यात दारू नाही."

"न्हाय ना?"

"अजिबात नाही."

तात्यांनी मान हलवली. मग ग्लास तोंडाला लावला आणि सगळं पन्हं सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.